पाकेटा

अण्णांना रशियन येत नव्हतं,
अक्षरं मात्र अर्धवट ओळखीची वाटायची,
म्हणून गणपती पेठेत जिन्याखालच्या
साडेतीन बाय चारच्या दुकानात
ते वाचायचे दिसेल तसं:
पाकेटा. बॉक्टॉक. नोबेडा.
गिऱ्हाईकही तेच म्हणायचं,
नि त्याचं ऐकून दुसरं गिऱ्हाईक.
सांगलीत एक अख्खा देश चुकीच्या नावानं चालत होता
आणि वेळ बरोबर दाखवत होता.

नववीत मी नगरवाचनालयातून शब्दकोश आणला.
अण्णा, हा प नाही, र आहे.
रकेता. म्हणजे रॉकेट.
बॉक्टॉक नव्हे, वस्तोक, पूर्व दिशा.
आणि नोबेडा म्हणजे पबेदा. विजय.
लढाई संपली तेव्हा ठेवलेलं नाव.
डोळ्यातलं भिंग न काढता अण्णा म्हणाले,
"असंल. पण रॉकेट म्हटल्यावर
त्याचा बॅलन्स सरळ हुणार हाय का?"

हारुण पखालींचं पाकेटा निराळं.
तबकडीवर चोवीस आकडे.
छोटा काटा दिवसातून एकच फेरी मारायचा,
भर दुपारी खाली लोंबायचा, सहाच्या जागी,
मध्यरात्री डोक्यावर.
बर्फाच्या मुलखातल्या माणसांसाठी केलंय,
तिथं महिनोन्‌महिने सूर्यच उगवत नाही,
असं विकणाऱ्यानं सांगितलेलं.
हारुणभाई साखर कारखान्यात पॅनमन.
तिसरी पाळी, बारा ते आठ.
काचेवर थेंब घेऊन दिव्यासमोर धरायचे,
दाणा धरला का बघायचे.
गाळपाचे पाच महिने त्यांनाही सूर्य झोपेतच.
चहाच्या गाड्यावर पोरं विचारायची, "चाचा, किती वाजले?"
आणि मनगट बघून हसायची.
"हसा. तुमच्या घड्याळाला रात्र कळत न्हाई."

अण्णा सूर्यास्ताच्या आत जेवणारे.
रात्र त्यांच्या हिशेबात नव्हतीच,
तरी दर दिवाळीला, बॉयलर पेटायच्या आधी,
ते घड्याळ उघडायचे,
सुईच्या टोकावर तेल,
श्वास बाजूला सोडत.
सुटे भाग मागवायचे कुठून?
घड्याळावर ज्याचं नाव होतं तो देशच
नकाशावर राहिला नव्हता.
मग एका मेलेल्या पाकेटाचं चाक
दुसऱ्याच्या पोटात.

त्या श्रावणात ते दुसऱ्या खणात होतं,
नवी कमान टाकून चालवून बघायला ठेवलेलं.
आयर्विन पुलावरून आकडे येत होते:
चाळीस फूट. त्रेचाळीस. पंचेचाळीस.
अण्णांनी रोजच्यासारखी सगळ्यांना चावी दिली,
शटर ओढलं,
आणि उजेड आहे तोवर जेवायला घरी.

नवव्या दिवशी शटर पहारीनं उचकटलं.
खणाखणात गाळ,
दह्यासारखा विरजलेला.
बॉक्टॉक तेवढं आतून कोरडं.
पाणी जितकं दाबेल तितकी त्याची काच घट्ट बसते.
ते बुडून नव्हे, चावी संपून थांबलेलं.
बाकीची सगळी
सव्वातीन, तीन वीस, तीन सतरा.

"दिवसाचे का रात्रीचे?"
पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यानं विचारलं.
पेठेत त्यावरून वाद होता.
कापडवाला म्हणे दुपारी, भांडीवाला म्हणे पहाटे,
जो तो आपल्या माडीवरून बघितलेलं सांगायचा.
अण्णांनी पाकेटा अंगठ्यानं पुसलं.
काटा वर, चोवीसाच्या उजव्या अंगाला,
तीनच्या जरासा पुढं.
"रात्रीचे," अण्णा म्हणाले.
त्या दुकानात एवढं ठामपणे
फक्त तेच सांगू शकत होतं.

तलाठ्यानं कंपनी विचारली.
मी तोंड उघडलं आणि मिटलं.
कागदावर गेलं: पाकेटा, नग एक, निकामी.

हारुणभाई आले तेव्हा रिटायर होऊन चार वर्षं झालेली.
अण्णा म्हणाले, साफ करून देतो, चालेल बहुतेक.
त्यांनी गंजलेली तबकडी उजेडाकडे धरली,
थेंब धरायचे तशी,
आणि रुमालात बांधली.
"ऱ्हाऊ द्या अण्णा.
पाळीवर हाय ते."